‘मी कसला गायक हो, देवानं वापरलं’ – ही नम्रता की पळवाट?

कणसूर_दादा (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

बरीच वर्षं इथं नुसता वाचक आहे. आज लिहायला बसलो, कारण गेल्या आठवड्यात माझ्याच स्वयंपाकघरात माझी फजिती झाली आणि ती काही केल्या मनातून जात नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण पडायला वेळ लागणार.) आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बावीस वर्षं मी गायन चालवतो. पेटी माझ्या पुढ्यात, डावीकडं तबला, मागं सात-आठ जण, आणि पहिली ओळ माझी. लग्न असो, मयत असो, नाताळात घरोघर फिरणं असो, दादाशिवाय गाणं सुरू होत नाही.

उपासना संपली की दारात कुणी ना कुणी हात हातात घेऊन म्हणतं, "दादा, आज फार भरून आलं." त्यावर माझं ठरलेलं उत्तर, "मी कसला गायक हो! देवानं वापरलं, एवढंच." मग समोरचा म्हणणार, "नाही नाही, असं कसं म्हणता!" मग मी मान खाली घालून हसणार. बावीस वर्षं हा संवाद अक्षरशः असाच चाललाय.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) पुण्याला शिकणाऱ्या पुतणीनं, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची अख्खी उपासना मोबाइलवर रेकॉर्ड केली, मस्कतच्या आत्याला पाठवायला. परवा रात्री ती ओट्यापाशी उभी राहून ते ऐकत होती. मी बाहेरून आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. फोनमधून कुणीतरी गात होतं. जाड आवाज, वरच्या सा-ला पोचता पोचता घसरणारा. अगदी बेसूर नाही म्हणता येणार, पण कणसूर. भातात खडा लागावा तसा. मी म्हटलं, "हा कोण गं? कुठल्या मंडळीचा? याला कुणी सांगत कसं नाही?"

बायको भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्हीच."

आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून रेकॉर्डिंगमधला परका वाटतो, हे मला माहीत आहे. पण आवाज परका वाटणं वेगळं आणि सूर उतरलेला असणं वेगळं. मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा उतरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी तबलजीला गाठलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, जीव लावणारा माणूस. विचारलं, "केव्हापासून?" तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "झाली असतील चार-पाच वर्षं. काळी दोन आता तुम्हाला झेपत नाही, दादा." (काळी दोन म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी, तिथं माझा सा.) मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" त्यावर तो जे म्हणाला त्यासाठी हा धागा काढलाय. म्हणाला, "कधी बोलणार? तुम्ही आधीच म्हणता, मी कसला गायक. मग आम्हाला म्हणावं लागतं, नाही नाही, छानच गाता. एकदा तसं म्हटल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं?"

म्हणजे माझ्या नम्रतेनंच त्याचं तोंड बंद केलं होतं.

बायबलातल्या रोमकरांस पत्रात, बाराव्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत प्रेषित पौल सांगतो की आपल्या योग्यतेपेक्षा स्वतःला अधिक समजू नका. एवढंच पाठ करून आपण थांबतो. पुढं तो म्हणतो, मर्यादेनं समजा, देवानं वाटून दिलेल्या विश्वासाच्या मापानं. ‘कमी समजा’ असं त्यानं म्हटलेलं मला तरी कुठं दिसलं नाही. मी बावीस वर्षं तोंडानं कमी समजत होतो आणि आतून काळी दोन सोडत नव्हतो.

तुमच्याकडं असं कधी झालंय का?

मस्कतकर

"तुम्हीच"ला फुटलो. वहिनींना सलाम सांगा.

अवांतरकर

धागा भारी. एक शंका: बायबलातल्या गणना या पुस्तकात (१२:३) लिहिलंय की भूतलावर मोशेइतका नम्र माणूस दुसरा नव्हता. आणि परंपरा सांगते की हे पुस्तक मोशेनंच लिहिलं. हलके घ्या.

निवृत्त_पाळक

अवांतरकर, आमच्या सेमिनरीत दर वर्षी एक तरी विद्यार्थी हा प्रश्न विचारायचा, आणि दर वर्षी त्याला वाटायचं की आपणच पहिले. :)

दादा, तुमचा धागा वाचून माझ्या डोळ्यांसमोर बुधवारच्या साक्षी आल्या (मंडळीपुढं उभं राहून आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगणं). चौतीस वर्षं सेवा केली, हजारो साक्षी ऐकल्या असतील. "मी पापी, मी अयोग्य, मी धूळ" यानं सुरुवात झाली नाही अशी साक्ष विरळाच. पण त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी म्हणा, "भाऊ, परवा बैठकीत तुम्ही त्या विधवेशी फार तोडून बोललात." बघा काय होतं. धूळ म्हणवणारा माणूस पेटून उठतो. मला स्वतःलाही हे झालंय. व्यासपीठावरून ‘मी तुमचा दास’ म्हणायचो आणि खजिनदारानं पेट्रोलच्या पावत्या मागितल्या की दोन दिवस अबोला.

सगळं मोघम असलं की कबुलीला काही मोल पडत नाही. बायबलातल्या जक्कयचं बघा, लूकचं शुभवर्तमान, अध्याय १९. तो "मी फार वाईट माणूस आहे" असं म्हणाल्याचं कुठं लिहिलेलं नाही. त्यानं हिशेब मांडला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. जकातदार माणूस, आकड्यात बोलला. ‘चौपट’ म्हणायला आधी कुणाकडून किती घेतलं हे आठवावं लागतं.

त्याच्या आधीच्या अध्यायात मंदिरातला परूशी आहे, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस. आपण त्याला ढोंगी म्हणून मोकळे होतो. पण मजकूर नीट वाचा, तो खोटं बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणाला, करत असणार. दशमांश देतो म्हणाला, देत असणार. त्याची वही बरोबर होती. चुकलं ते माप. देवापुढं उभा राहून तो स्वतःला शेजारच्या माणसानं मोजत होता.

रात्रपाळी

मिरजेत नर्सिंग शिकले, आता दुसऱ्या राज्यात नवजात बालकांच्या विभागात आहे. पाळकसाहेबांच्या आकड्यांवरून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडं नव्या मुली येतात त्यात एक असते ‘मला सगळं येतं’ आणि एक असते ‘मला काहीच येत नाही हो सिस्टर’. तुम्हाला वाटेल आम्ही पहिलीला घाबरतो. दुसरीची भीती कमी नसते. तिला नक्की काय येतं हे कुणालाच कळत नाही, मग एकेक काम तिच्या हातून काढून घ्यावं लागतं आणि बाकीच्या दोघींवर भार येतो. मला हवी असते ती अशी म्हणणारी: "सिस्टर, मोठ्या बाळांना मी सुई लावते, पण हे साडेनऊशे ग्रॅमचं आहे, मला पिवळी पण जाणार नाही. तुम्ही लावा, मी धरते." पिवळी म्हणजे २४ नंबरची, बारीक. आणि त्यातलं ‘मी धरते’ महत्त्वाचं. एवढ्याशा बाळाचा हात न दुखवता स्थिर धरणं हेसुद्धा काम आहे, आणि ते आपल्याला येतं हे तिला माहीत आहे.

चूक झाली की आम्ही एक फॉर्म भरतो. त्यात ‘मी फार निष्काळजी, मी नालायक’ असं लिहायला रकानाच नाही. किती वाजता, कुठलं औषध, किती मात्रा, कुणाच्या लक्षात आलं, मग काय केलं. पहिल्यांदा भरला तेव्हा मी रडत होते. सीनियर सिस्टर म्हणाल्या, "रडून झालं की वेळ लिही, तो रकाना रिकामा आहे."

साखरवाडी

+१ रात्रपाळी. शेवटचं वाक्य मनात राहिलं.

कणसूर_दादा

सिस्टर, ‘वेळ लिही’. मी लिहितो: अंदाजे २०२० पासून, काळी दोनमध्ये, वरच्या सा-ला. लक्षात आलं तबलजीच्या. मग काय केलं, हा रकाना अजून रिकामा आहे.

वाडीवरची

चांगलं लिहिताय सगळे. पण मला एक टोचतंय, ते सांगते.

आमची माणसं गावकुसाबाहेरची. पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले, आख्खी वाडी झाली. त्याआधी रस्त्यात कुणी मोठा दिसला की वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. मंडळीत आल्यावर ‘सलाम’ आला, सगळ्यांना सारखा, पाटलालाही आणि आम्हालाही. हे किती मोठं होतं ते आज कुणाला कळणार नाही. पण पाठीचा बाक एका पिढीत जात नाही. आणि वर व्यासपीठावरून दर रविवारी प्रवचन कशावर? नम्रतेवर. नम्र व्हा, खालची जागा घ्या, लव्हाळ्यासारखं वाका. अहो, आम्ही कधी उभे होतो?

माझी आजी घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवायची. कितीतरी स्तोत्रं तोंडपाठ. कुणाच्या घरी कुठलं स्तोत्र म्हणायचं हे तिला बरोबर कळायचं. बाळंतिणीकडं वेगळं, कर्जबाजाऱ्याकडं वेगळं. आयुष्यभर शेवटच्या बाकावर बसली. पुढं बोलावलं की म्हणायची, "मी कसली, मला काय येतंय."

दादा, तुम्ही ‘मी कसला गायक’ म्हणता तेव्हा मंडळी ‘नाही नाही’ म्हणते. माझी आजी ‘मी कसली’ म्हणायची तेव्हा मंडळी गप्प बसायची. म्हणजे, खरंच आहे की.

तिनं मर्यादेनं स्वतःला समजायचं म्हणजे काय करायचं होतं? माझ्या मते उठून पुढच्या बाकावर बसायचं होतं. नम्रतेच्या प्रवचनानं तिला ते करू दिलं नाही. वाक्य एकच, पण तुमच्या तोंडी त्यानं स्तुती ओढून आणली आणि तिच्या तोंडी तिला मागं ठेवलं.

निवृत्त_पाळक

ताई, हे प्रवचन मीही अनेकदा केलंय. समोर कोण बसलंय ते न बघता केलंय. उत्तर देत नाही, ऐकून घेतो.

केडगाव_फेरी

वाडीवरचीताईंच्या मुद्द्याला धरूनच पंडिता रमाबाईंचं आठवलं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण इंग्लंडमधली ही भांडणं फार कुणी वाचत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. तिथं त्यांनी पुरुषांनाही शिकवावं असा विषय निघाला, तर मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले: हिंदुस्थानी बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही म्हणे. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन, बाप्तिस्म्यातल्या त्यांच्या धर्ममाता, यांना तर रमाबाईंच्या प्रत्येक प्रश्नात गर्व दिसायचा. त्यावर मे १८८५ मध्ये रमाबाईंनी त्यांना लिहिलं (माझ्या शब्दांत सांगतो) की मला सदसद्विवेक आहे, मन आहे, माझा निर्णय मला करता येतो. आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड आत्ताच मोठ्या कष्टानं उतरवलंय, लगेच दुसरं तसंच मानेवर घ्यायची तयारी नाही. तेव्हा वय सत्तावीस. नवरा गेलेला, पदरात लहान मुलगी, परका देश, आणि राहणं-जेवणं याच लोकांच्या आश्रयानं.

आता दुसरी बाजू. याच रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष छापली. तेव्हा केडगावचं काम जगभर पोचलं होतं, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तिथं राहत होत्या, देशोदेशीच्या ख्रिस्ती लोकांचे पैसे येत होते. त्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हे उमगायला आणखी सात-आठ वर्षं गेली. देणगीदार ज्या बाईच्या धर्मांतराच्या गोष्टी सांगत फिरायचे, तीच म्हणते की त्या वेळी माझी मुख्य गोष्टच राहिली होती.

बिशपांपुढं ‘मला कळतं’ म्हणणारी आणि सगळ्या जगापुढं ‘मला कळलं नव्हतं’ म्हणणारी बाई एकच आहे. मला दोन्हीकडं तोच प्रामाणिकपणा दिसतो.

सरळमार्गी

रमाबाई हट्टी होत्या हे त्यांचे चाहतेही नाकारणार नाहीत. प्रत्येक हट्टाला ‘सदसद्विवेक’ म्हणायला लागलो तर आमच्या पास्टोरेट कमिटीत सगळेच रमाबाई निघतील. मोठ्यांचं ऐकणं हीसुद्धा ख्रिस्ती शिकवण आहे.

केडगाव_फेरी

हट्टी होत्या, मान्य. कमिटीबद्दलही मान्य. :) फरक कसा ओळखायचा, याचं माझ्याकडं एकच वेडंवाकडं उत्तर: तोच माणूस पुढं स्वतःविरुद्धही तितक्याच स्पष्टपणे बोलतो का ते बघायचं. रमाबाई बोलल्या. कमिटीतला कुणी बोलला तर कळवा.

वाडीवरची

सरळमार्गी, ‘मोठे’ कोण हे आधी ठरलेलं असतं, तिथंच तर गोम आहे.

पेन्सिल

वय २३. इथं लिहावं की नाही कळत नव्हतं.

मला उलटा त्रास आहे. मी रोज रात्री वहीत दिवसभराची पापं लिहितो. कॉलेजात असताना एका शिबिरात सांगितलं होतं, तेव्हापासून. आधी पाच मिनिटं लागायची. आता दीड तास. लिहून झालं की वाटतं, खरंच पश्चात्ताप झाला का? मग त्याबद्दल लिहितो. मग वाटतं, हे लिहिण्यातही गर्व आहे. धाग्यात सगळे म्हणताय हिशेब नेमका करा. मी तर तेच करतोय, आणि झोप येत नाही.

बावखल

पेन्सिल, बाळा, आधी वही मिट आणि हे वाच.

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडं हे दुखणं जुनं आहे, इतकं जुनं की त्याला वेगळं नाव आहे. संत इग्नेशियस लोयोला, ज्यांनी येशूसंघ स्थापला, त्यांना तुझ्यासारखंच झालं होतं. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसा गावी राहत होते. कन्फेशन केलं तरी वाटायचं काहीतरी राहिलं. पुन्हा जायचे, मग आणखी बारीक काहीतरी आठवायचं. इतके खचले की जीव द्यावा असे विचार यायला लागले, हे त्यांनी स्वतःच पुढं सांगितलंय. शेवटी त्यांनी ठरवलं की जुनी पापं आता पुन्हा उकरायची नाहीत.

आणि याच माणसानं पुढं रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली. आमचे फादर लोक ती अजून पाळतात, मीही जमेल तशी पाळते. तिची पहिली पायरी काय आहे सांग? पापं आठवणं नाही. आज काय मिळालं त्याचे आभार मानणं. मग देवाकडं उजेड मागायचा, मग दिवस तासातासानं बघायचा, मग क्षमा, मग उद्याचं. माझं सगळं मिळून पंधरा मिनिटांत आटपतं. मी बसते तेव्हा कुकर लावलेला असतो. शिट्ट्या झाल्या की उठायचं, राहिलं ते राहिलं. पहिल्यांदा असं अर्ध्यात उठले तेव्हा अपराधी वाटलं होतं. आता वाटतं, सगळं आपणच शोधून काढायचं असतं तर स्तोत्र १३९ मध्ये देवाला "माझी झडती घे" म्हणायची गरजच पडली नसती.

झोप उडाली असेल तर डॉक्टरलाही दाखव. त्यात श्रद्धा कमी पडते असं काही नाही.

रात्रपाळी

बावखलताईंना अनुमोदन, डॉक्टरबद्दल तर शंभर टक्के. आणि पेन्सिल, १ करिंथ ४ (पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र) काढून वाच. पौल म्हणतो, मी स्वतःचाही निवाडा करत नाही. माझ्याविरुद्ध मला काही आठवत नाही, पण त्यानं मी निर्दोष ठरत नाही, निवाडा करणारा प्रभू आहे. मी रात्रपाळीत हे खूपदा म्हणते. आमच्या फॉर्मवरसुद्धा शेवटची सही आमची नसते.

पेन्सिल

मिटली वही. थँक्यू. खरंच.

तिखट_मिरी

पहिल्यापासून सगळं वाचलं. दादा, राग मानू नका, पण मला एक दिसतंय ते कुणीच बोलत नाही.

आयडी काय घेतलाय? ‘कणसूर_दादा’. वर आख्खी पोस्ट स्वतःच्या फजितीची, आणि लिहिलीय किती छान. मग आम्ही सगळे काय म्हणतोय? "किती प्रामाणिक!" "मनात राहिलं!" म्हणजे चर्चच्या दारात बावीस वर्षं जे चाललं होतं तेच इथं चाललंय की. तिथं ‘मी कसला गायक’ होतं, इथं ‘मी किती कणसूर’. आणि आम्ही पुन्हा ‘नाही नाही दादा’.

सिस्टरनी विचारलेला रकाना अजून रिकामाच आहे. काय केलं?

साखरवाडी

तिखट_मिरी, जरा सबुरीनं घ्या. माणूस मन मोकळं करतोय.

कणसूर_दादा

साखरवाडी, नको, त्यांना बोलू द्या. टोला बरोबर बसलाय. पोस्ट टाकल्यावर मी दर दहा मिनिटांनी येऊन प्रतिसाद मोजत होतो, हे खरं आहे. बायकोला वाचूनही दाखवले. ती म्हणाली, "चांगलं लिहिता. शनिवारी तालमीला काय सांगणार ते ठरलं का?"

ठरलं नव्हतं. या शनिवारपर्यंत गप्प बसतो.

निवृत्त_पाळक

तोवर एक लिहून ठेवतो, दादांसाठी नाही, माझ्यासाठी. १ करिंथ १५ मध्ये पौल म्हणतो, प्रेषितांत मी सगळ्यांत लहान, प्रेषित म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. आणि लगेच पुढच्या ओवीत म्हणतो, त्या सगळ्यांपेक्षा मी जास्त श्रम केले. मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेनं. पहिली ओवी मी शेकडो वेळा वापरली, दुसरी व्यासपीठावरून वाचायला मला कायम अवघड वाटायचं. फुशारकी वाटायची. वाडीवरचीताईंच्या आजीचं वाचल्यावर वाटलं, ती दुसरी ओवी अशा बायकांना कुणीतरी वाचून दाखवायला हवी होती. ते काम माझं होतं.

वाडीवरची

पाळकसाहेब, आजी गेली. पण माझी आई आहे, ७१ वर्षांची. तीही शेवटच्याच बाकावर बसते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, या एकदा.

अवांतरकर

धागा वर काढतो. दादा, तीन शनिवार होऊन गेले.

कणसूर_दादा

सलाम. आलो. आता फक्त रकाना भरतो.

पहिल्या शनिवारी सगळ्यांना सांगितलं की माझा वरचा सूर उतरतो, मला रेकॉर्डिंगवरून कळलं, तुम्हाला आधीच माहीत होतं. एक मिनिट कुणी काही बोललं नाही. मग मागून एक जण सवयीनं "नाही नाही दा..." म्हणाला आणि तबलजीनं तबल्यावर एक थाप दिली. सगळे हसले. मीही हसलो, पण आत लागलं, खोटं कशाला बोलू.

पट्टी उतरवून पांढरी एकवर आणली. तीन स्वर खाली. पेटीवर बोटं जरा डावीकडं सरकवायची, एवढंच काम, पण त्या दिवशी फार जड गेलं. दुसरं म्हणजे, माझा सूर जिथं सुटेल तिथं नववीतल्या एका मुलीनं बोट वर करायचं असं ठरवलं. तिचा कान आमच्या सगळ्यांत पक्का आहे. पहिल्या शनिवारी सहा वेळा वर गेलं, दुसऱ्या वेळी चार, काल पाच. तिसऱ्या वेळी मी तिच्याकडं रागानं बघितलं. तिनं बोट खाली घेतलं नाही.

तिसरं, मंडळीत पहिली ओळ आता माझी नसते, तिची असते. पेटी माझ्याकडं आहे. पेटी मला चांगली वाजवता येते. हे लिहिताना दोनदा खोडलं, पण तिखट_मिरी, येते.

ॲडमिनना आयडी बदलायला सांगितलाय.

आता खरी अडचण. पांढरी एक मला बरी, पण बायकांना फार खाली पडतं, त्यांचा आवाज खर्जात बसून जातो. मुलगी पांढरी चार म्हणते. कुणी मिश्र मंडळीत गाणं चालवत असेल तर सांगा, तुम्ही काय करता?

मस्कतकर

आमच्याकडं इथं पांढरी चारच. पुरुष खालच्या सप्तकात गातात. पहिले दोन रविवार विचित्र वाटतं.

तिखट_मिरी

तबलजींना विचारलंत का? पांढरी चारला त्यांचा आत्ताचा तबला चढणार नाही, ओढायला गेलात तर वादी तुटेल. लहान तोंडाचा लागेल.

कणसूर_दादा

विचारलं. त्याच्याकडं नाही. शेजारच्या गावच्या भजनी मंडळाकडं एक आहे म्हणतो, पण ते गुरुवारी वापरतात. शनिवारी मिळेल का ते उद्या मोटारसायकलवर जाऊन बघून येतो.